पहिला शोधनिबंध : नियोजन नेमके कोठे फसले?

पदव्युत्तर वर्गाकडून संशोधन प्रकल्प करून घेताना माझ्या असे लक्षात आले आहे, की निबंध कसा लिहावा हे सांगणारी टिपणे विद्यार्थ्यांपाशी भरपूर असतात, परंतु आधीच्यांची गाडी कोठे अडली हे त्यांना कोणीच सांगितलेले नसते. म्हणून ज्यांनी विद्यार्थिदशेत एखादा तरी शोधनिबंध पूर्ण केला आहे, त्यांनी उपदेश बाजूला ठेवून आपला एखादा प्रसंग येथे लिहावा, अशी विनंती आहे.

अर्थशास्त्र, बीड

माझा विषय ऊसतोड कामगारांचे उत्पन्न आणि कर्ज हा होता. ऑक्टोबरपर्यंत वाचन, डिसेंबरात गावभेट आणि फेब्रुवारीत लेखन, असे वेळापत्रक मी चौकटी आखून भिंतीवर लावले होते आणि मार्गदर्शक मॅडमना ते पसंतही पडले होते. डिसेंबरात साठ प्रश्नावल्या घेऊन गावात पोहोचलो, तर घरामागून घराला कुलूप. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम आटोपल्यावरच परततात, हे याच जिल्ह्यात वाढलेल्या मला ठाऊक नव्हते असे नाही. वेळापत्रक आखताना ते आठवले नाही, इतकेच. ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या एका आजींनी, "आता कोण घावणार तुला हितं? पाडव्याच्या पुढं ये," असे सांगून मला परत पाठवले.

एप्रिलमध्ये पुन्हा गेलो, तेव्हा प्रश्नावलीच अडखळली. "तुमची रोजची मजुरी किती?" या पहिल्याच प्रश्नावर एक गृहस्थ म्हणाले, की हिशेब रोजावर नसतो, टनावर असतो, आणि "माझी एकट्याची कशी सांगू? आमचा कोयता हाये." कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती जोडीला आणि तोडणीचे पैसे वळते होतात तेही जोडीच्याच हिशेबात. साहजिकच 'पत्नीचे उत्पन्न' हा रकाना, ज्यावर माझे तिसरे प्रकरण उभे राहायचे होते, साठही प्रश्नावल्यांवर कोराच राहिला. छपाईपूर्वी दोन घरी जाऊन प्रश्न विचारून पाहिले असते, तर हे तासाभरात समजले असते. निबंध एक सत्र लांबला, मात्र शेवटी मी तो त्या कोऱ्या रकान्यावरच लिहिला, आणि मॅडमच्या मते त्यात वाचण्यासारखे जे काही होते ते तेवढेच होते.

इतिहास, पुणे

वरील दादांचे काम निदान माणसांमुळे तरी अडले. माझे एका बेरजेने अडवले. माधवराव पेशव्यांच्या अखेरच्या दोन वर्षांतील एका परगण्याची मोडी पत्रे मी वाचत होते. पत्रांवर सुहूर सन, म्हणजे त्या काळच्या कागदपत्रांतील वर्षगणना, अक्षरांत असतो : 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे २ + ७० + १०० + १०००, अर्थात ११७२. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन मिळतो, एवढे वहीत लिहून घेऊन मी तीन महिने टिपणे काढली. त्या टिपणांनुसार, महसुलाविषयीची एक तक्रार नोव्हेंबर १७७१ मधील होती आणि तिचे उत्तर मार्च १७७१ मधील! मी त्यावर, दरबारला तक्रारीची कुणकुण आधीच लागली होती, असा सिद्धान्तही मांडून मोकळी झाले. सरांनी मसुदा वाचून फक्त समासात लिहिले, "कमाविसदारास (महसूल अधिकाऱ्यास) ज्योतिष येत होते काय?"

सुहूर वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुमारास सुरू होते. त्यामुळे जानेवारीपासून मृगापर्यंतच्या पत्रांना ५९९ नव्हे, ६०० मिळवावे लागतात. जिल्हेज या हिजरी महिन्यातले ते उत्तर मार्च १७७२ चे होते. पत्रातील मूळ मिती मी टिपणांत उतरवून न घेता केवळ इसवी सन लिहिला होता, त्यामुळे शंभरावर पत्रे पुन्हा काढून पाहावी लागली. चुकीच्या बेरजेपेक्षा ही चूक मला अधिक महागात पडली.

सूक्ष्मजीवशास्त्र

माझा प्रसंग लहान आहे. वाङ्मयचौर्याच्या तपासणीत माझ्या निबंधातील साम्य २३ टक्के निघाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास शिक्षा नाही आणि संदर्भसूची, तसेच श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर मोजणीतून वगळला जातो. म्हणजे उरलेले सारे माझेच पाप होते. मी मुद्दाम काहीच उचलले नव्हते. वाचताना आवडलेली वाक्ये अवतरणचिन्हांविना वहीत उतरवली होती आणि सहा महिन्यांनी तीच माझी वाटली. तेव्हापासून दुसऱ्याचे वाक्य मी हिरव्या शाईनेच लिहितो, आणि खिशात हिरवे पेन नसेल, तर उतरवूनच घेत नाही.

मराठी, द्वितीय वर्ष

इतिहासाच्या ताईंना एक विचारायचे आहे. माझ्याकडे घरातील काही जुनी मोडी पत्रे असून, त्यांवर चंद्राची, म्हणजे हिजरी महिन्याची, तारीख आहे, पण सन फाटून गेला आहे. अशा वेळी काय करावे?

इतिहास, पुणे

पत्रात वार किंवा तिथी असल्यास मोडक जंत्रीत, म्हणजे जुन्या तारखा-तिथींचा मेळ देणाऱ्या कोष्टकांत, संभाव्य वर्षे पडताळून पाहता येतील. तोवर टिपणात सनाची जागा मोकळी ठेवावी आणि अंदाज करायचाच असेल, तर तो पेन्सिलीने लिहावा.