उत्तर: बडोद्यातले गायकवाड

बडोद्यातल्या गायकवाडांची वंशावळ जुन्या कागदांत कशी शोधायची, या प्रश्नावर ‘बडोद्यातला गायकवाड म्हणजे राजवाड्याचा कुणीतरी लागतोच’ असं कुणीसं लिहिलंय, ते काही पटत नाही. खुद्द बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड १८७५ साली दत्तक आले ते नाशिककडच्या कवळाण्याहून. त्याच जिल्ह्यातल्या दिंडोरीजवळच्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड, १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहातले बिनीचे कार्यकर्ते. जिल्हा एक, आडनाव एक, पण जात वेगळी आणि नातं काडीचं नाही. आडनावावरून जात काढणाऱ्यांनी तर इथे हात जोडावेत.

वंशावळ शोधणाऱ्यांची खरी दांडी उडते ती इंग्रजी स्पेलिंगमध्ये. बडोद्याकडे बहुतेक ‘जी-ए-ई’, महाराष्ट्रात ‘जी-ए-आय’. जुन्या इंग्रजी कागदांत शेवटी डी ऐवजी आर, आणि त्याहून जुन्यात चक्क ‘जी-यू-आय’ने सुरू होणारं ‘गुइकोवार’. संगणक अक्षरं जुळवतो, उच्चार नाही, त्यामुळे एकच स्पेलिंग टाकलं तर अर्धे कागद निसटतात. चारही टाकून पाहा. शिवाय गुजराती पद्धतीच्या दाखल्यात आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. तिथे ‘पहिलं नाव’ या रकान्यातही गायकवाड शोधावं लागतं. आणि मूळ गाव, आजोबांचं नाव हाताशी असल्याशिवाय कुठलाही गायकवाड आपला समजू नका.