वोकिंग : गावच्या गोष्टी आणि गावची माणसे (अनुभव धागा)

सरे परगण्यातील वोकिंगविषयी ‘लंडनला नोकरीस जाणाऱ्यांचे गाव, इतिहास असा काही नाही’ असे आपल्याच मंडळींकडून ऐकू येते. तेथे राहिलेल्या सभासदांनी आपापल्या भागातील हकिकती लिहाव्यात, ही विनंती.

ब्रुकवुडहून : वोकिंग गावाची घडणच मुळी दफनभूमीतून झाली आहे. लंडनमध्ये मृतांना जागा पुरेनाशी झाली, तेव्हा एका कंपनीने येथील २००० एकरांहून अधिक माळरान विकत घेतले, १८५४ मध्ये ब्रुकवुडची दफनभूमी सुरू केली आणि वॉटर्लूहून शवपेट्या आणण्यासाठी खास आगगाडी ठेवली. तिच्यात मृतांनाही पहिला, दुसरा, तिसरा असे वर्ग असत आणि त्यांचे तिकीट अर्थातच एकेरी असे. उरलेली जमीन कंपनीने विकली व तिच्यावर आजचे गाव वाढले. येथील पारशी विभागात जमशेटजी टाटा आणि त्यांचे पुत्र दोराबजी व रतनजी चिरविश्रांती घेत आहेत. मी पुण्याचा असल्याने दोराबजींच्या समाधीपाशी मला हटकून डेक्कन जिमखाना आठवतो, कारण बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० मध्ये अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले, त्यामागे जिमखान्याशी जोडलेल्या दोराबजींचाच पुढाकार होता.

सेंट जॉन्सहून : ब्रिटनमधील पहिले दाहगृह आमच्या भागात आहे. १८७९ मध्ये तेथे घोड्याचे शव जाळून भट्टीची चाचणी घेतली, तेव्हा गावकऱ्यांनी थेट गृहमंत्र्यांकडे तक्रार नेली. पुढे १८८४ मध्ये एका न्यायाधीशाने दहन बेकायदा नसल्याचा निर्वाळा दिला आणि १८८५ मध्ये येथे पहिले दहन झाले. फ्रीडरिख एंगल्स यांचे दहनही १८९५ मध्ये येथेच झाले. आमच्या घरातील अंत्यविधी येथे सुरळीत पार पडला, त्याची वाट या भांडणांतून गेलेली आहे, हे मला नंतर समजले.

ओरिएंटल रोडहून : येथील शाहजहान मशीद १८८९ ची असून तिला भोपाळच्या बेगमांनी अर्थसाहाय्य दिले. ती उभारणारे लाइटनर पूर्वी लाहोरच्या सरकारी महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

हॉर्सेलहून : एच. जी. वेल्स १८९५ मध्ये मेबरी रोडवर राहत असत आणि ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीत त्यांनी आपले मंगळवासी आमच्या माळावरच उतरवले. गावात त्या मंगळवासींच्या तीन पायांच्या यंत्राचा धातूचा पुतळा आहे. मला तो विशेष आवडत नाही. त्याच माळावर पहिल्या महायुद्धातील मुस्लिम हिंदी सैनिकांसाठी बांधलेली दफनभूमी मात्र अवश्य पाहावी. त्यांचे अवशेष १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रुकवुडच्या लष्करी विभागात हलवण्यात आले, म्हणून टाटांच्या समाध्या पाहण्यास जाणाऱ्यांनी तिकडेही वळावे.