उपचार संपले, आईची भीती संपत नाही – मदत हवी आहे

आई ४७ वर्षांची, आम्ही साताऱ्याचे. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार मुंबईत झाले: ऑपरेशन, आठ केमो, मग रेडिएशन. तेव्हा आम्हा दोघींचा मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. आता सव्वा वर्ष झालं, टॅमोक्सिफेन (कॅन्सर परत येऊ नये म्हणूनची गोळी) चालू आहे, रिपोर्ट चांगले येतात.

पहिल्या चार केमोंत ते लाल औषध असायचं, डॉक्सोरुबिसिन. परवा वहिनीनं कोकम सरबत केलं. पेला समोर आला आणि आईचे हात गार पडले, मोरीपर्यंतही पोचली नाही. नंतर स्वतःच फरशी पुसत म्हणाली, "मेलं डोकंच फिरलंय माझं." तपासणीची तारीख जवळ आली की पंधरा दिवस झोप नाही. रात्री उठून काख चाचपत बसते.

लोणचं दरवर्षी पाच किलो कैऱ्यांचं असतं. यंदा एकच किलो घातलं. म्हणाली, "संपेल तेवढंच घालावं." मी गप्प बसले.

केमोत एकदाही रडली नाही म्हणून सगळे वाघीण म्हणायचे. आता तिला रडायची सोयच उरली नाही. येणारा-जाणारा "पॉझिटिव्ह राहा" म्हणतो, त्याचा तर तिला (आणि मलाही) संतापच येतो.

कोणाला दाखवू? मानसोपचारतज्ज्ञ म्हटलं की "मी वेडी आहे का?" विचारते. आणि त्या गोळ्या टॅमोक्सिफेनबरोबर चालतात का?

प्रतिसाद: ताई, यात वेड वगैरे काही नाही. औषधाचा रंग, वास आणि उलटी यांची मेंदूत सांगड बसते, माझी तर स्पिरिटच्या वासाशी बसली होती. श्वासाचे आणि अंग सैल सोडायचे व्यायाम समुपदेशकाकडून शिकले, मग हळूहळू सुटली. गोळ्यांबद्दल मात्र जपा: पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिनमुळे टॅमोक्सिफेनचं काम कमी होऊ शकतं. मानसोपचारतज्ज्ञांना टॅमोक्सिफेन चालू असल्याचं आधीच सांगा, दुसरे पर्याय असतात. तोवर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही. आणि आईंना "काही होणार नाही" म्हणू नका. "मलाही भीती वाटते" म्हणून बघा.

धागाकर्ती: आभार. आईला वाचून दाखवलं. "घरातलं लोकांना कशाला सांगत बसतेस" म्हणून चिडली. मग चष्मा शोधून नंबर दुधाच्या वहीत लिहून घेतला.