अनुभव धागा : विमान बदलायचं कुठे?

निवांत
काल माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली तर हँडलला जुना टॅग अजून चिकटलेला, आणि तो अख्खा दिवस डोळ्यापुढे आला. ५५ मिनिटांचं कनेक्शन. मीच बुक केलेलं, हुशारीने, की चार-पाच तास कोण ताटकळत बसणार. सोबत आई. पहिलं विमान २० मिनिटं लेट, मग उतरल्यावर बस, मग परत सिक्युरिटीची रांग, त्यात आईच्या पर्समधून खोकल्याच्या औषधाची बाटली निघाली, झालं, पर्स बाजूला, बूट काढा, बूट घाला, ती बिचारी शांतपणे लेस बांधतेय आणि मी घड्याळ बघतोय. गेटला पोचलो तर दार बंद. काचेतून विमान समोर उभं. आई म्हणाली, "अरे उभं आहे की अजून, हात दाखव." आणि मी खरंच दाखवला हो हात. विमानाला!

रात्र खुर्च्यांवर काढली. आता भाचा तिकीट काढतोय, एकीकडे फ्रँकफर्टला १ तास १० मिनिटं, दुसरीकडे दोह्याला ४ तास, मला विचारतोय. मी कुठल्या तोंडाने सांगू? तुम्ही कसं ठरवता?

गोगलगाय
हात दाखव!! मेले हसून. सावकाश लिहिते, कुकर लावलाय.

तिसरी घंटा
फ्रँकफर्टचा अधिकृत कमीत कमी वेळ ४५ मिनिटं आहे त्यामुळे १.१० चं तिकीट ते बिनधास्त विकतात. व्हिएन्ना तर २५ मिनिटांची जाहिरात करतं. पण हा हिशोब विमान वेळेवर आलं तरचा, आणि तुम्ही ३८ नंबरच्या सीटवर बसून पुढच्या सगळ्यांच्या बॅगा निघायची वाट बघताय हे त्यात धरलेलं नाही. भाचा पुढे जर्मनीतच किंवा फ्रान्स-इटलीला जाणार असेल तर पासपोर्ट तपासणी फ्रँकफर्टलाच, म्हणजे अजून एक रांग. शेंगेनच्या, म्हणजे आपापसात पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपातल्या देशांच्या, बाहेर जायचं असेल तर ती रांग वाचते. आधी हे विचारा त्याला.

निवांत
ओस्लोला जायचंय. म्हणजे रांग आहेच.

तिसरी घंटा
हो, नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे. माझे एक सासरेबुवा यावर पैज हरलेत.

चष्मेबद्दूर
@तिसरी घंटा "एक सासरेबुवा"? किती आहेत?

तिसरी घंटा
चुलतसासरे हो. फोनवरून टाइप करतोय.

पाऊणवाट
माझा किस्सा वेगळाच. तिकीट स्वस्त दिसलं, मध्ये टोकियो, साडेतीन तास, मी खूश. टोकियो ते टोकियोच ना. उतरल्यावर कळलं की आलोय नारिताला आणि पुढचं विमान हानेदाहून. शहराच्या दोन टोकांना! बॅग घ्या, इमिग्रेशन करून बाहेर या, बसने सव्वा-दीड तास. नशीब की व्हिसा होता, नाहीतर बाहेरच पडता आलं नसतं. बसमध्ये पहिली वीस मिनिटं मी बायकोशी बोललोच नाही कारण बुकिंग मीच केलेलं. तेव्हापासून शहराचं नाव वाचतच नाही, विमानतळाचा कोड वाचतो. लंडनला हीथ्रो-गॅटविक, पॅरिसला शार्ल द गॉल-ऑर्ली तेच, आणि इस्तंबूलचे दोन तर दोन वेगळ्या खंडांत, एक युरोपात एक आशियात.

गोगलगाय
आले. माझं मत, वेळ किती यापेक्षा चुकलं तर पुढचं विमान कधी ते बघायचं. हे मला एका गेटवरच्या बाईने सांगितलं, फार गोड होती. मोठ्या हबवरून एखाद्या शहराला दिवसातून चार-पाच विमानं असतील तर ५० मिनिटांचीही रिस्क घ्यावी, चुकलं तर दोन-तीन तासांनी बसवतात. पण दिवसातलं एकच असेल, किंवा तुमचं शेवटचं असेल, तर चार तासही कमीच. आम्ही एकदा शेवटचं पकडायला गेलो आणि... जाऊदे, बाळ उठलं.

खिडकीपाशी
अमेरिकेला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच इमिग्रेशन, तिथेच बॅगा पट्ट्यावरून उचला, कस्टममधून काढा, परत दुसऱ्या पट्ट्यावर टाका, मग सिक्युरिटी. बॅगेवर शेवटच्या गावाचा टॅग असला तरी. नुसतं पुढे कॅनडा-मेक्सिकोला जायचं असलं तरीही, आणि व्हिसाही लागतो बहुतेकांना. मला माहीत नव्हतं, मी सरळ पुढच्या गेटकडे, बॅगा मागे गोल गोल फिरतायत. म्हणून आता अबूधाबीमार्गे जाते, २०१४ पासून तिथेच अमेरिकन इमिग्रेशन होतं, उतरलं की देशांतर्गत विमानातून आल्यासारखं सरळ बाहेर. फक्त तिथे वेळ भरपूर ठेवा, सिक्युरिटी परत होते. डब्लिनलाही सोय आहे.

चष्मेबद्दूर
गोल गोल फिरणाऱ्या बॅगेला ओळखायला काय बांधता? आम्ही लाल रिबीन.

खिडकीपाशी
सगळेच लाल रिबीन बांधतात!! मी जुन्या ओढणीची पट्टी बांधते, पोपटी.

पाऊणवाट
आमची लाल रिबीनवाली बॅग दुसराच घेऊन गेला होता, त्याचीही लाल.

आजोबा_नंबर_एक
वय ७४. सुनेने व्हीलचेअर सांगून ठेवली होती, मला आधी अपमान वाटला, मी रोज चालतो. पण खरं सांगतो, त्या मुलाने मला असा नेला, रांग नाही काही नाही, मधल्या लिफ्टने, वाटेत क्रिकेट. ज्येष्ठांनी संकोच करू नये, पैसे पडत नाहीत, तिकीट काढतानाच सांगावी, निदान ४८ तास आधी. एका ठिकाणी मात्र मला कोपऱ्यात ठेवून गेले ते परत आलेच नाहीत, मी उठून चालत गेटला गेलो, सगळे बघत राहिले जणू चमत्कार झाला.

निवांत
आजोबा _/\_ हे आईला वाचून दाखवतो, ती पण "मी काय पांगळी आहे का" म्हणते.

वळणावरचं झाड
पोरं बरोबर असतील तर डोळे मिटून सिंगापूरचं चांगी. टर्मिनल ३ ला फुलपाखरांची बाग, टर्मिनल १ ला निवडुंगांची, आमच्या धाकट्याला तिथून ओढून आणावं लागलं. तो ४० मीटरचा धबधबा बघायचा असेल तर ध्यानात घ्या तो शेजारच्या ज्युएल मॉलमध्ये, म्हणजे इमिग्रेशनच्या बाहेर. आम्ही तासभर आत शोधला, पोरगा विचारतोय आवाज का येत नाही. दोह्याला तो पिवळा अवाढव्य अस्वल आहे, डोक्यात दिवा घुसलेला, २३ फुटी, तिथे पोरांना सांगून ठेवायचं, हरवलात तर अस्वलापाशी. आणि सगळं एकाच टर्मिनलमध्ये, टर्मिनल बदलायची भानगड नाही. भाच्याला ४ तास तिथे काहीच नाही वाटणार.

उशिरा_आलो
वरचं सगळं वाचलं नाही, कोणी सांगितलं असेल तर सॉरी. वेगवेगळी दोन तिकिटं जोडू नका!! सात हजार वाचवले, पहिलं लेट झालं, दुसरीवाले म्हणाले तुम्ही आलाच नाहीत, नवीन काढा. तिसाला पडलं. उलट २०१८ ला एकाच बुकिंगवर युरोपातून निघताना कनेक्शन चुकलं, सहा तास उशिरा पोचलो, तर कंपनीने ६०० युरो दिले, तिथला कायदाच आहे, ३५०० किलोमीटरच्या वरच्या प्रवासाला. चार ईमेल करावे लागले, पण दिले.

गोगलगाय
६०० युरो!! आम्हाला खाण्याचं कुपन मिळालं होतं.

तिसरी घंटा
थंडीत अजून एक. पंखांवरचा बर्फ काढायला विमानं रांगेत उभी राहतात, डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडच्या हबला मी नेहमीपेक्षा दीड तास जास्त धरतो. आणि अ‍ॅम्स्टरडॅमला लांबच्या धावपट्टीवर उतरलात तर पोचलो म्हणून बेल्ट काढू नका, विमान दहा-पंधरा मिनिटं नुसतं चालतंय, चक्क हायवेवरच्या पुलावरून, खाली गाड्या. मला फार आवडतं ते. बायको तेव्हा घड्याळ बघत असते.

पाऊणवाट
बायका घड्याळ बघतात, नवरे बुकिंग करतात.

खिडकीपाशी
आमच्याकडे दोन्ही मीच.

निवांत
सगळ्यांचे आभार. भाच्याला लिंक पाठवली, त्याने काहीही न वाचता फ्रँकफर्ट काढलं. १.१० वालं. म्हणे मी धावतो रोज. एकच बुकिंग आहे आणि मागून ओस्लोची अजून विमानं आहेत हे बघून घेतलं, आता त्याचं तो बघेल.

आईला सगळं वाचून दाखवलं. व्हीलचेअरचं ऐकून गप्प बसली. मग म्हणाली, तो अस्वल बसलेला आहे की उभा?

वळणावरचं झाड
बसलेला. पाय पसरून.