ग्लॅडिओलसचे कंद खारी उकरून काढतात, नैसर्गिक उपाय हवा आहे (पुणे)

नमस्कार मंडळी,

सहकारनगरला राहते, तळजईच्या बाजूला. पहिल्या मजल्यावर घराला लागून गच्ची आहे, दुपारपर्यंत चांगलं ऊन येतं. दसऱ्यानंतर ग्लॅडिओलसचे कंद लावले. वाण 'फुले गणेश', राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं, फिकट पिवळ्या फुलांचं. शेजारी लांबट ट्रफमध्ये उन्हाळ्यात लावलेला निशिगंध आहे, तो अजून अधूनमधून दांडे काढतोय.

लावल्यापासून रोज कुठली ना कुठली कुंडी उकरलेली असते. काही कंद नुसतेच बाहेर पडलेले, काही अर्धे खाल्लेले, काहींचा पत्ताच नाही. ज्यांना कोंब आला होता त्यांचा कोंब कुरतडून कंद बाजूला टाकून दिलाय, हे तर फारच जिवाला लागतं. खाली सोसायटीचा आंबा आहे, त्याची फांदी आमच्या कठड्याला टेकते आणि खारींची ये-जा तिथूनच. परवा एक खार माझ्या देखत कुंडीत उतरली. पुढच्या पायांनी भराभर माती उडवली, नाक खुपसलं, मग कुंडीच्या काठावर बसून दोन्ही हातांत काहीतरी धरून खात राहिली. मी टाळी वाजवली तर शेपूट झटकून मलाच चिकचिक करून दाखवलं. नंतर जाऊन पाहिलं तर शेंगांची टरफलं. आणि एका कुंडीत चक्क भुईमुगाचं रोप आलंय. आम्ही भुईमूग लावलेला नाही. समोरच्या इमारतीत कोणीतरी पाखरांसाठी म्हणून खिडकीत शेंगा ठेवतं, तिथला माल आमच्या कुंड्यांत साठवला जातोय असा माझा संशय आहे.

आतापर्यंत केलेलं: लाल तिखट भुरभुरवलं. पाणी घालेपर्यंत उपयोग झाला, मग परतीच्या पावसाने उरलंसुरलं धुऊन नेलं, आणि वारा सुटला तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यांत गेलं ते वेगळंच. लसूण ठेचून पाण्यात कालवून ओतला, तर घरात दोन वेळा सगळ्यांनी 'आज काय फोडणी?' विचारलं, खारींनी काहीच विचारलं नाही. कुंडीवर नारळाच्या शेंड्यांचा थर दिला, तो खारींनी घरट्यासाठी उचलून नेला, तोही अगदी निवांत, फेऱ्या मारून. डांबरगोळ्या टाका असं एकीने सांगितलं, पण बाजूलाच मेथी-कोथिंबीर आहे, ते विष मातीत नको.

विष, चिकट पॅड वगैरे अजिबात नको. सासूबाईंच्या लेखी रामाच्या सेतूला वाळू वाहणाऱ्या खारीला त्रास देणं म्हणजे पाप, आणि मलाही त्या आवडतात, कंद सोडून काहीही न्या म्हणावं. शेजाऱ्यांचा लॅब्राडोर आमच्या गच्चीवर येतो आणि समोर येईल ते खातो, हेही लक्षात घ्या. पाण्यात टिकेल असा काही फवारा आहे का? निंबोळी किंवा एरंडीची पेंड टाकून खारी लांब राहतात का? जाळी लावली तर कोंब अडतात का? ('पाटी लावा' हा विनोद घरात झालेला आहे.)

कुंडीवाली:

तिखटाची कल्पना बरोबर आहे, फक्त कोरडी पूड नको. मिरचीतला जो जहाल भाग असतो, कॅप्सेसिन, तो खार, उंदीर, आपण, सगळ्या सस्तन प्राण्यांना झोंबतो. पक्ष्यांना तो जाणवतच नाही, म्हणून पोपट मिरच्या आवडीने खातो. म्हणजे गच्चीवरच्या पाखरांची काळजी नको. पूड मात्र उडते आणि खारीच्याही डोळ्यांत जाते, ती चोळत बसते.

मूठभर लवंगी मिरची आणि लसणाचा एक गड्डा ठेचून लिटरभर पाण्यात उकळायचा. उकळताना खिडक्या उघड्या ठेवा, नाहीतर अख्खं घर खोकत बसेल. रात्रभर तसंच ठेवून सकाळी जुन्या सुती फडक्यातून गाळायचं. त्यात रिठ्याचं पाणी घालायचं, म्हणजे फवारा मातीला आणि कंदाला धरून राहतो, नुसता ओघळून जात नाही. आधी पाणी घाला, वरची माती जरा सुकली की फवारा मारा. दर तीन-चार दिवसांनी, आणि पाऊस पडला तर लगेच. हातमोजे घाला. कोंब वीतभर झाले की बंद केलं तरी चालतं, तोवर खारींचा रस संपलेला असतो. मेथी-कोथिंबिरीवर उडू देऊ नका.

मातीतहात:

ताई, फवारा करा, पण आधी चोर कोण ते बघा. खार ही दिवसाची. अंधार पडला की ती घरट्यात जाते, ती उजाडेपर्यंत बाहेर येत नाही. तुम्ही खारीला शेंगा खाताना पाहिलंय, कंद खाताना पाहिलेलं दिसत नाही. अर्धे खाल्लेले कंद हे मला तरी उंदरांचं काम वाटतं. पहिला मजला म्हणजे उंदराला काहीच नाही, पाइपावरून सरळ वर येतो. जमिनीवरच्या बागेत असता तर घूस म्हटली असती.

संध्याकाळी कुंड्यांभोवती फरशी कोरडी करून बारीक रांगोळी चाळणीने पातळ पसरा. पहाटे, खारी यायच्या आत, जाऊन बघा. आणि एक विचारायचं राहिलं, खत काय घालता? शेंगदाणा पेंड किंवा हाडांचा चुरा असेल तर तुम्हीच पंगत मांडलीय.

सहकारनगरची (धागा लिहिणारी):

काका, शेंगदाणा पेंडच. भिजवून, पातळ करून, गेल्या वर्षीपासून देते.

रांगोळी टाकली. निशिगंधाच्या बाजूच्या कुंड्यांभोवती बारीक ठसे आणि मधून शेपटीची बारीक रेघ, भिंतीच्या कडेकडेने पाइपापर्यंत गेलेली. तिथलाच एक कंद कुरतडलेला. आंब्याच्या बाजूला मात्र रांगोळी जशीच्या तशी होती, ती सकाळी आठ वाजल्यानंतर विस्कटली आणि तिथे कंद नुसता उपसून ठेवलेला, दात लागलेला नाही. म्हणजे खारी शेंगा शोधताना उकरतात आणि खातात ते उंदीर? नवरा म्हणतो, खारींची जाहीर माफी मागायला हवी.

मातीतहात:

माफी अर्धीच मागा. कोवळा कोंब, कळी, फळ यांना खारही तोंड लावते, आमच्या पेरूला विचारा. पण पेंड आधी बंद करा. वास दोघांनाही येतो. गांडूळखत द्या, त्याला कोणी फिरकत नाही. कंद लावल्यावर त्यांच्या सुटलेल्या साली मातीवर राहू देऊ नका, आणि माती हाताने घट्ट दाबा. नुकतीच भुसभुशीत केलेली माती दिसली की खारीला वाटतं, इथे कोणीतरी काहीतरी पुरलंय. तिचं चुकत नाही म्हणा.

पेठेतला:

जाळीबद्दल. बोहरी आळीत जा, अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्ड जाळी मागा. षटकोनी कोंबडी जाळी देतील, ती मोठ्या भोकांची घेऊ नका, आपल्याकडच्या खारी एवढ्याशा असतात, उंदराचं पिल्लू तर आरामात जातं. कुंडीच्या मापाने गोल कापा, कंद लावून झाले की वर ठेवा, कडा खाली वाकवून मातीत खोचा आणि वरून इंचभर माती टाका. ग्लॅडिओलसचा कोंब टोकदार असतो, भोकातून येतो. पण पुढे बुंधा जाड होतो, म्हणून चार-सहा बोटं पान दिसलं की ती जाळी कात्रीने कापून काढा. कापलेली तार हाताला लागते, जपून.

फवाऱ्याने मला तरी पूर्ण समाधान नाही मिळालं. कंटाळा आला, एक फेरी चुकली, की संपलं.

बोगनवेलप्रेमी:

जाळीला पैसे घालण्याआधी आजूबाजूला कोणाची बोगनवेल छाटलेली दिसते का बघा. काटेरी काड्यांचे तुकडे कुंडीच्या मातीवर आडवेतिडवे पसरायचे. गुलाबाची छाटणीसुद्धा चालते. खारीला पाय ठेवायला मऊ जागा मिळाली नाही की ती दुसरी कुंडी बघते. कोंब मधून आपोआप वर येतात, काही काढावं लागत नाही. उंदरांवर फार चालत नाही, हे आधीच सांगते. आणि शेंड्या खारी नेणारच, थंडीच्या तोंडावर तुम्ही त्यांना फुकट गादी दिलीत.

कुंडीवाली:

एरंडी-निंबोळीच्या पेंडीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. एरंडीची पेंड अजिबात नको. तिच्यात रायसिन हे जबरदस्त विष राहू शकतं आणि कुत्र्यांना तिचा वास आवडतो, ती खाऊन कुत्री दगावतात. तुमच्याकडे लॅब्राडोर येतो म्हणजे विषयच संपला. निंबोळी पेंड मातीसाठी छान, सूत्रकृमींवरही (मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी) बरी, पण नुसत्या तिच्या भरवशावर खारी थांबत नाहीत. आणि उपसलेले ग्लॅडिओलसचे कंद गच्चीवर पडू देऊ नका. तेही कुत्र्याला बाधतात, उलट्या-जुलाब होतात.

आंब्याच्या बाजूला दुसरं काही लावायचं असेल तर अमरिलिस किंवा रेन लिली लावा. या कुळातले कंद कडू आणि विषारी असतात, खारी-उंदीर सहसा खात नाहीत. कुत्र्याला मात्र तिथेही लांबच ठेवा.

सहकारनगरची:

सगळ्यांचे आभार. शेंगदाणा पेंड बंद केली. आंब्याच्या बाजूला बोगनवेलीच्या काड्या टाकल्यात, खालच्या बंगल्यातल्या माळ्याने पोतंभर दिल्या, त्याला फेकायच्याच होत्या. निशिगंधाच्या बाजूला जाळी लावणार, रविवारी बोहरी आळीत जाते. फवारा फक्त नवीन कोंबांसाठी करेन, खिडक्या उघड्या ठेवून. समोरच्या इमारतीत जाऊन शेंगा ठेवणाऱ्या आजींनाही भेटले. शेंगा बंद करायला त्या तयार नाहीत, पण सोलून थोडेच दाणे ठेवतील, म्हणजे पुरायला काही उरणार नाही, अशी त्यांचीच सूचना.

आता उंदरांसाठी पिंजरा आणलाय, पकडून लांब सोडायचा. सासूबाईंनी लगेच गणपतीचं वाहन काढलं, पण कंद खाल्लेले दाखवल्यावर गप्प बसल्या. प्रश्न एवढाच, पिंजऱ्यात चुकून खार अडकली तर?

मातीतहात:

पिंजरा अंधार पडल्यावर लावा आणि पहाटे उजाडायच्या आत मिटवा. खोबऱ्याचा तुकडा वापरता ना, तोही सकाळी काढून टाका, नाहीतर दिवसा खारच आधी येईल. आणि आंब्याची ती फांदी सोसायटीला सांगून कठड्यापासून हातभर मागे छाटून घ्या.