एनईएसवर फुटबॉल? आधी टेनिस करून बघा

एनईएस म्हणजे निन्टेन्डोच्या जुन्या आठ-बिट गेम यंत्रासाठी अकरा-अकरा खेळाडूंचा फुटबॉल हाच पहिला गेम करायचा, असं तुम्ही लिहिलंय. वाचून फार बरं वाटलं, पण घोडं कुठे अडेल ते सांगतो. हे यंत्र एका वेळी ६४ स्प्राइट (पडद्यावर हलणारी छोटी चित्रं) दाखवतं, एका आडव्या ओळीत फक्त ८. खेळाडू १६ बाय १६ पिक्सेलचा केलात तर ८ बाय ८ चे चार स्प्राइट लागतात, म्हणजे बावीस जणांना ८८! ८ बाय १६ चे वापरले तर ४४ मध्ये भागतं, तरी एका ओळीत चारच खेळाडू मावतात. पाचवा दिसतच नाही. आपल्याकडच्या कॅसेटवाल्या टीव्ही गेममध्ये गर्दी झाली की खेळाडू लुकलुकायचे ना, ते यामुळेच. स्प्राइटचा क्रम दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, बदलायचा, म्हणजे तोच खेळाडू कायमचा गायब राहत नाही.

म्हणून आधी टेनिस. दोन खेळाडू, चेंडू आणि त्याची सावली. चेंडूची जागा दोन बाइटमध्ये ठेवा, एकात पिक्सेल आणि दुसऱ्यात अपूर्णांक, म्हणजे उडी गुळगुळीत दिसेल. सीसी६५ हा कंपायलर वापरून सी भाषेत लिहिता येतं, रॅम मात्र २ केबीच. चेंडू जाळीवरून पलीकडे गेला की मला नक्की कळवा, खेळून बघायचाय.