फवारणी पंपाची लिथियम बॅटरी उन्हाळाभर कुठे ठेवावी? मदत हवी आहे

मंडळी, आम्ही जळगाव जिल्ह्यातले, चोपड्याकडचे. कपाशीची फवारणी आटोपली की बॅटरीवरचा पंप थेट पुढच्या पावसाळ्यातच हातात येतो. जुन्या पंपात लेड-अ‍ॅसिड बॅटरी होती, तिला फुल चार्ज करून ठेवायचं असतं. नव्यात १२ व्होल्टचा लिथियम-आयन पॅक आहे आणि त्याचं गणित उलटं. फुल ठेवला तर लवकर कमजोर होतो, म्हणून ४० ते ६० टक्क्यांवर ठेवायचा. इथवर समजलं.

अडचण उन्हाची आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. धाब्याचं जुनं घर गार राहतं, पण तिथे सरकी, ढेप अन् कडबा भरलेला. त्यात लिथियम बॅटरी ठेवायला मन धजत नाही. बाबा म्हणतात फ्रीजमध्ये ठेव. बाहेर काढल्यावर पाणी सुटेल याची मला भीती, अन् आई तर फ्रीजला हातही लावू देणार नाही.

पंपावर टक्के दिसत नाहीत, नुसते तीन दिवे. आत तीन सेल सिरीजमध्ये असतील तर मल्टीमीटरवर ११.१ ते ११.४ व्होल्ट म्हणजे निम्मा चार्ज, बरोबर ना? पंपातून काढून ठेवला तरी आतलं बीएमएस (बॅटरीचं रक्षण करणारं सर्किट) थोडी वीज खातच असेल, मग किती महिन्यांनी तपासावं? कोणी घरातच लोखंडी पेटीत किंवा वाळूच्या घमेल्यात ठेवतं का? केळीवाल्या भाऊंनी जरूर सांगा, तुमच्याकडे असे पंप जास्त.